सखूबाईंचा अर्ज आणि गोरखचे दात

वेल्हे तालुक्यातल्या एका कार्यालयाकडे मागच्या उन्हाळ्यात एक लेखी तक्रार प्राप्त झाली. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, उगाच इतरांना वाईट वाटायचं. तक्रारदार होत्या मार्गासनीच्या सखूबाई. त्यांचे यजमान गेनू यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण शेताच्या उताऱ्यावर अजून गेनूच नांदत होते. वारस म्हणून सखूबाईंचं नाव लावायचा अर्ज तेव्हापासून दाखल होता. नातीकडून लिहून घेतलेल्या तक्रारीत दोनच वाक्यं होती. पहिलं, माझे काम तीन वर्षे झालेले नाही. दुसरं, चौकशीला आले तर कोणी हसून बोलतसुद्धा नाही.

तक्रारीची तातडीने दखल घेण्यात आली. पहिलं वाक्य ज्या टेबलाचं होतं ते टेबल प्रशिक्षणाला गेलं होतं. दुसरं वाक्य कोणत्याच टेबलाचं नव्हतं, त्यामुळे त्यावर कार्यवाही करायला कुणाची आडकाठी नव्हती. तिघांची समिती नेमली. समितीने आठ दिवस कर्मचाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला की कर्मचारी मनाने हसरे आहेत, पण तंबाखू, पान आणि चहा यांमुळे त्यांचे दात दाखवण्याजोगे राहिलेले नाहीत. सबब दात पांढरे झाल्यास हसू आपोआप उपलब्ध होईल.

लागलीच 'शुभ्रस्मित अभियान' सुरू झालं. परिपत्रक निघालं की जनतेच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे वरचे पुढील सहा दात 'कार्यालयात दाखल कागदाइतके पांढरे' असावेत. तसा दंतछटा दाखला तीस दिवसांत मिळवावा. ज्याच्याकडे दाखला नसेल त्याच्या कोणत्याही प्रस्तावाचा विचार केला जाणार नाही.

हे शेवटचं वाक्य गोरखच्या छातीत बसलं. गोरख हा त्या कार्यालयाचा शिपाई. मार्गासनीचाच, सखूबाईंच्या घरापासून चार घरं सोडून राहणारा. सोळा वर्षं तो हंगामी होता. हंगाम कोणता, ते सोळा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव टेबलामागून टेबल ओलांडत आता कुठे शेवटच्या सहीपर्यंत पोचला होता, आणि गोरखच्या तोंडात बावीस वर्षांची तंबाखू नांदत होती.

"गोरख, हस बघू," शरच्चंद्र साहेब म्हणाले. हे कार्यालयाचे प्रमुख, भोरचे, शुद्ध बोलणारे आणि जेवणानंतर नेमाने पान खाणारे. परिपत्रक निघाल्यापासून ते तोंडासमोर फाईल धरून बोलत.

"कशापायी, साहेब?"

"शासकीय कामासाठी."

गोरख हसला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "पुरे."

घरी बायको मंगल चुलीपुढे बसून बोटाने मिसरी लावत होती. गोरखने सगळी हकिकत सांगितली. ती ओसरीच्या कडेला जाऊन थुंकून आली आणि म्हणाली, "आवं, दात पांढरं करून दावायचं कुनाला?"

"साहेबाला. दात पांढरं झालं तर कायम हुईन म्हंत्यात."

"मिसरीनं दात घट्ट ऱ्हात्यात."

"घट्ट नगं, मंगल. पांढरं पायजेत."

अभियानाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर दात पांढरे करण्याचे सतरा घरगुती उपाय आले, खाली 'अनुभवसिद्ध' असं लिहिलेले. लिंबात खायचा सोडा, चुलीतला कोळसा, विटेची पूड, मीठ, केळ्याची साल आतल्या बाजूने. जीपचा ड्रायव्हर मानसिंग हा आदेश पाळणारा माणूस. त्याने सतराही उपाय अनुक्रमांकाप्रमाणे, एकही न गाळता केले. दहाव्या दिवशी त्याचे दात चुना दिल्यागत दिसायला लागले. अकराव्या दिवसापासून मात्र गार पाणी लागलं, गरम चहा लागला की त्याला झिणझिण्या येत, आणि पुढं पुढं तर वारासुद्धा लागायला लागला. मग तो ओठ मागे ओढून, दातांवर दात ठेवून 'स्स्स' करत बसे. समितीने त्याच्या नावापुढे शेरा मारला, 'सदैव हसतमुख'.

ते बघून गोरख घाबरला. त्याने एक दिवसाची रजा टाकली, नसरापूरला एसटी बदलली आणि भोरला डॉक्टर पद्मजाबाईंच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीत आडवा झाला.

"कशाने घासता?" बाईंनी विचारलं.

"बोटानं."

"काय लावून?"

"घरात जे घावंल त्ये. कवा राखुंडी, कवा मिसरी. मिसरी बायकूची हाय, पर ती न्हाई म्हनत न्हाई."

बाईंनी डोक्याला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. अर्धा तास खरवडून त्यांनी दातांवरची पुटं काढली. मग म्हणाल्या, "तंबाखू आजपासून बंद. मिसरीही, कारण ती जाळलेली तंबाखूच आहे. मऊ ब्रश घ्यायचा, सकाळी एकदा आणि झोपताना एकदा, हलक्या हाताने. चहा झाला की चूळ भरायची. सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. लिंबू, सोडा, कोळसा, वीट यांतलं काही तोंडात घालायचं नाही. दाताचं वरचं कवच एकदा झिजलं की पुन्हा येत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

गोरख हिरमुसला. एवढ्या लांब येऊन बाईंनी सांगितलं ते तर कुणालाही कळेल असं होतं, आणि केळ्याच्या सालीचं नावसुद्धा नव्हतं.

बाईंनी आरसा दिला. गोरखने आपले दात बावीस वर्षांनी पाहिले. काळपट थर गेला होता. खाली मक्याच्या कोवळ्या दाण्यासारखे, जरा पिवळसर, पण चकचकीत दात होते. आपल्याकडे हे होते हेच तो विसरला होता. त्याला उगीच भरून आलं.

"अजून पांढरं न्हाई व्हनार?"

"औषध लावून थोडे उजळ करता येतात, ते माझ्या देखत आणि हिरड्या बऱ्या झाल्यावर. दोन-तीन महिने थांबा. पण कागदासारखे पांढरे दात माणसाला नसतातच. हा तुमचा खरा रंग आहे." आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, 'दात निरोगी. रंग नैसर्गिक, किंचित पिवळसर.'

पुढचे दोन आठवडे गोरखने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. हात आपसूक खिशाकडे जाई आणि मोकळाच परत येई. मग तो रिकामा तळहात अंगठ्याने चोळत बसे, चिमूट उचलून ओठापर्यंत नेई आणि लाजून खाली ठेवी. दोनदा मंगलशी भांडला, एकदा बैलाशी. पण तंबाखूला शिवला नाही. एवढं मोठं काम त्याने आयुष्यात दुसरं केलं नव्हतं, आणि चिठ्ठी पुढे करताना त्याला तसं वाटतही होतं.

साहेबांनी ती फाईलीच्या आडून वाचली. "निरोगी असा रकाना नाही, गोरख."

"पर दात बरं झाल्यात, साहेब. तंबाकू बी सुटली."

"अभिनंदन. मात्र बरे असण्याबाबत परिपत्रक मौन आहे. किंचित पिवळसर हे तुझ्या विरोधात जातं."

तिसाव्या दिवशी कार्यालयात तपासणी झाली. समिती खुर्च्यांवर बसली. नव्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढून तो एकेकाच्या ओठांखाली धरण्यात येऊ लागला. मानसिंग वाऱ्यापासून तोंड चुकवत उभा राहिला आणि पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाला. बाकीचे धडाधड नापास होत होते. गोरखच्या दातांखाली कागद आला तेव्हा समितीतल्या एकाने नुसती मान हलवली.

गोरखला सोळा वर्षं डोळ्यांपुढे दिसली. पण याच सोळा वर्षांत तो कार्यालयातला प्रत्येक कागद उचलून इकडून तिकडे ठेवत आला होता, आणि या परिपत्रकाच्या चाळीस झेरॉक्स त्यानेच काढल्या होत्या. तो घसा खाकरून म्हणाला, "साहेब, एक विचारू का? परिपत्रकात 'दाखल कागद' म्हनलंय. ह्यो कागद कोरा हाय. ह्यो दाखल कवा झाला? ह्याच्यावर आवकचा शिक्का कुठं हाय?"

साहेबांनी परिपत्रक तीनदा वाचलं. गोरखचं म्हणणं बरोबर होतं. आतापर्यंतची सगळी तपासणी नियमबाह्य ठरत होती.

"मग दाखल कागद घेऊन ये," साहेब म्हणाले.

कोणता आणायचा ते गोरखला माहीत होतं. पश्चिमेच्या खिडकीत, जिथे तो रोज चहाचे पेले ठेवायचा, तिथे एक अर्ज होता. तीन उन्हाळे त्याने अंगावर घेतले होते आणि चहाच्या वर्तुळांनी तो पार हळदीच्या रंगाचा झाला होता. गोरखने त्यावरचा पेला उचलला. खाली नाव होतं. त्याने ते वाचलं. वाचलं नाही म्हणणं खोटं होईल. सखूबाई काकींनी लहानपणी त्याला कितीदा भाकरी वाढली होती. पण सोळा वर्षंही काही थोडी नव्हती. शिवाय आपण त्यांचा अर्ज खिडकीतून उचलून थेट साहेबांपुढे नेतोय, म्हणजे तो हललाच की, अशी त्याने मनाची समजूत घातली.

त्या अर्जाशेजारी गोरखचे दात लखलखले. समितीने दोनदा खात्री केली. नापास झालेल्यांना परत बोलावलं, सगळे पास झाले. शेवटी साहेबांनी स्वतः फाईल खाली ठेवली, पहिल्यांदाच सर्वांसमोर दात दाखवले, आणि तेही पास झाले. अभियान शंभर टक्के यशस्वी. भविष्यात वाद नकोत म्हणून तो अर्ज काचेत मढवून, लाखेची मोहोर लावून भिंतीवर टांगण्यात आला. खाली पाटी लागली, 'नमुना कागद क्रमांक एक. हात लावू नये.' आणि दुसऱ्या आठवड्यात गोरख कायम झाला. मंगलने पेढे वाटले, सखूबाईंच्या घरीही दिले.

त्यानंतरच्या सोमवारी सखूबाई आल्या. दारात गोरखने त्यांना बघून नियमाप्रमाणे सहा दात दाखवले.

"आरं गोरख्या, हसतुयास का?"

"काकी, तसा आदेश हाय."

"दात झाक झालं रं तुजं. तंबाकू सोडलीस ती लई बेस केलीस. माज्या अर्जाचं काय झालं?"

गोरखने भिंतीकडे बोट केलं. सखूबाई जवळ गेल्या, डोळे बारीक केले. "ह्यो माजाच हाय की. ह्यो बग माजा आंगठा. देवागत टांगलाय का त्याला?"

साहेब बाहेर आले. हसत हसतच त्यांनी समजावून सांगितलं, "आजी, तुमच्या अर्जाला आता फार मान आहे. त्यावर कार्यवाही केली तर तो निकाली निघेल. निकाली निघाला की दप्तरात बांधून ठेवावा लागेल. मग आमचे दात कशाला लावून बघायचे?"

"मंग दुसरा अर्ज देते."

"नका देऊ. नवा अर्ज पांढरा असतो. तो दाखल झाला तर सगळ्यांची फेरतपासणी होईल."

सखूबाईंनी साहेबांच्या दातांकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं. मानसिंग कोपऱ्यात 'स्स्स' करून हसत होता. गोरख कोरा अभिप्राय-फॉर्म घेऊन आला, तो भरून घेणं हे आता त्याचं कायमचं काम होतं. त्यात एकच प्रश्न होता.

"काकी, समदी हसून बोलली का तुमच्यासंगं?"

"व्हय रं बाबा. येड्यागत हसत्यात."

गोरखने 'होय' लिहिलं. पुढचे शब्द लिहायला रकाना नव्हता. खाली साहेबांनी शेरा मारला, 'तक्रारदार समाधानी. प्रकरण बंद.'

सखूबाई पायऱ्या उतरल्या आणि वळून गोरखला म्हणाल्या, "घरी जाऊन मालकाच्या फोटूला सांगते, आवं, आता तुमीच बगा. कागदावर अजून तुमीच हायसा." गोरखने मान खाली घातली. दात मात्र दिसतच राहिले, ड्यूटी पाचपर्यंत होती.

तर वाचकहो, हे वाचताना तुमची जीभ एकदा तरी आपल्या वरच्या दातांवरून फिरून आली असेल, आणि मध्ये दोन-तीनदा तुम्हीही हसलात. त्याची रीतसर नोंद घेण्यात आली आहे. शेरा असा आहे, 'वाचक समाधानी. प्रकरण बंद.'