धवलराव करकोच्यांना काय दिसलं

एका जंगलात, मुलांनो, विमानं नव्हती, पण वैमानिक होते. करकोचे बेडकांना पाठीवर बसवून या तळ्यावरून त्या तळ्यावर नेत.

त्यांतले एक कॅप्टन धवलराव. उडणं म्हणजे त्यांचा जीव. त्यांच्या बायकोचा, वेणूताईंचा, जीव मात्र टांगणीला. नवरा रोज ढगांत जातो, म्हणून त्यांनी नवस केला. "सूर्यनारायणा, यांना सुखरूप घरी आण. सोळा रविवार तुला मांडा वाहीन."

वेणूताईंचे मांडे भलते पातळ. दारातल्या सावरीच्या शेंड्यावरून सोडले, की वाऱ्यावर भिरभिरत थेट वर.

पाचव्या रविवारी धवलरावांच्या चोचीसमोरून काहीतरी सूंऽऽ करत गेलं. ते गर्रकन वळले. पाठीवरचे बेडूक किंचाळले.

असलं काहीबाही इतर वैमानिकांनाही दिसलं होतं. पण 'काही दिसलं' म्हणणाऱ्याचे पंख बांधायचे, असा नियम होता. म्हणून सगळे गप्प. धवलराव तेवढे खरं बोलले.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष घुबड. त्यांना दिवसा दिसत नसे, म्हणून ते निःपक्षपाती.

"काय पाहिलंत?"

"गोल, चपटं, सोनेरी. कडेला जरासं करपलेलं."

मागे बसलेल्या वेणूताई ताडकन उठल्या. "अगंबाई, तो माझा मांडा! त्या दिवशी खापर जरा जास्तच तापलं होतं हो. यांचे पंख नका बांधू!"

आणि त्यांनी पदराखालून ताजा मांडा काढून पुरावा म्हणून पुढे ठेवला.

समितीनं पुरावा हुंगला. मग चाखला. मग दूध मागवलं.

"तूप आणलंय का, वहिनी?" समितीतल्या रानडुकरानं विचारलं.

दुपारी निकाल लागला. पुरावा उपलब्ध नाही. कॅप्टनना भास झाला. पंख कायमचे बांधावेत.

धवलराव मान खाली घालून पायी घरी आले. सावरीखाली वेणूताईंनी हात जोडले.

"देवानं ऐकलं हो! सुखरूप घरी आलात."

"अगं, कायमचा आलोय!"

"मग मी तरी कुठं संध्याकाळपुरतं म्हटलं होतं?"

उरलेले अकरा रविवार एक मांडा वर जाई आणि एक धवलरावांच्या पानात. वरून जाणारे वैमानिक उडत आलेला मांडा बघत, आणि डोळे मिटून घेत.

तात्पर्य: पुरावा न्यायचाच असेल, तर दोन न्यावेत, एक समितीला लागतो. आणि बाळांनो, नेहमी खरं बोलावं. खरं बोलणारा लवकर घरी पोचतो.