गोधडीच्या बदल्यात कुकर

घाटकोपरचं दोन खोल्यांचं घर भाड्याने देऊन भीमराज विक्रोळीच्या एका खोलीत राहायला आले. पेन्शनमध्ये भागत नव्हतं. सामान लावून होत आलं तेव्हा कळलं, हिरव्या चादरीतलं गाठोडं नाही.

"जुन्या साड्यांचं ना? बोहारणीला दिलं, पप्पा," मुलगी संघमित्रा म्हणाली आणि तिने नवं कोरं पातेलं दाखवलं. "झकास आलं की नाही?"

भीमराजांनी पातेलं बाजूला सारलं. त्या गाठोड्यात त्यांच्या वारलेल्या बायकोची, द्रौपदीची, अर्धवट गोधडी होती. हॉस्पिटलमध्ये नेलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती शिवत होती. सुई अजून तशीच टोचलेली होती.

"घर लहान घेतलं ते सामान कमी करायला. तू कपडे देऊन भांडं आणलंस? ठेवायचं कुठे, माझ्या डोक्यावर?"

"आत गोधडी आहे हे मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात, जुनं सगळं काढ."

म्हणाले होते खरे. त्यामुळे राग जास्तच वाढला.

सकाळी पातेलं घेऊन ते घाटकोपरला गेले. बोहारीण मंजूबेन जुन्या बिल्डिंगच्या गेटपाशी कपडे निवडत बसली होती. हिरवं गाठोडं तिच्या मांडीखालीच होतं.

"हे घे तुझं पातेलं. माझं गाठोडं दे."

"असं नाय होत, काका. कालचा सौदा काल झाला. आज नवीन."

"माझ्या बायकोच्या साड्या आहेत त्या."

"म्हणून तर तुम्हाला पायजेत. बोला, काय देता?"

तिने पातेलं उलटं केलं, बोटाने ठोकलं. "बूड पातळ आहे."

"कालच तू दिलंस ते."

"म्हणून तर माहितीये."

भीमराज तणतणत बसने परत आले आणि कढई, पिठाचा डबा घेऊन गेले. कढईची कडी ढिली निघाली. डब्याला पोचा निघाला. मंजूबेनने दोन्ही पातेल्याशेजारी ठेवून घेतलं, पण नकारार्थी मान हलवली. ते पुन्हा घरी आले आणि कुकर उचलला.

"पप्पा, कुकर कुठे नेताय? भात कशात करू?"

"भाताचं नंतर बघू. लुटालूट चाललीय नुसती."

मंजूबेनने कुकरचं झाकण लावून पाहिलं. "शिट्टी?"

शिट्टी त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती तिच्यासमोर आपटली. आता कुठे तिने गाठोडं सरकवलं.

"ताई असत्या तर एका पातेल्यात घेऊन गेल्या असत्या," ती म्हणाली. "वरून माझ्याकडून चहाची गाळणी काढली असती. त्या होत्या तोवर या बिल्डिंगमध्ये मला कधी फायदा नाय झाला."

भीमराज गाठोडं काखेत घेऊन उठले. मग पुन्हा खाली बसले.

"गाळणी दे."

"काका, सौदा झाला."

"गाळणी घेतल्याशिवाय मी उठत नाही."

दुपारी ते घरी पोचले. ओट्यावर चहाचं एक भांडं उरलं होतं, शेजारी नवी गाळणी ठेवली. संघमित्राने रिकाम्या फळीकडे पाहिलं. "आता मात्र घर मोठं वाटतंय," ती म्हणाली आणि पोळीभाजी आणायला खाली गेली.

भीमराजांनी गोधडी पलंगावर पसरली. सुई जागेवर होती, दोरा संपला होता. अर्ध्या गोधडीला टाके आहेत. उरलेली अर्धी अजून शिवायची आहे.