विजयकरांचं शेडकार्ड

सुभद्रा परब कचेरीत पाऊल टाकायची आणि हेडक्लार्क कमलाकांत विजयकर टेबलावरचं शेडकार्ड उघडायचे. कचेरी गिरगावातल्या एका रंगाच्या कंपनीची. भिंती, दारं, खिडक्यांना लागणारे झाडून सारे रंग त्या कार्डावर छोट्या चौकोनांत चिकटवलेले असत. विजयकर कार्ड हातभर लांब धरत, एक डोळा बारीक करत आणि सुभद्रेच्या पातळाशी ताडून पाहत.

"आज पॅरट ग्रीन! वा, परबबाई, शोभतो हो तुम्हाला. कालच्या चॉकलेटीत जरा काळवंडला होतात."

कचेरी हसायची. विजयकरही हसायचे आणि वर म्हणायचे, "मी आपला मोकळा माणूस. मनात काही ठेवत नाही."

ते त्यांनी मनातच ठेवलं असतं तर सुभद्रेचे दिवस सुखात गेले असते. तिला अंगावरून झुरळ गेल्यासारखं वाटे. पण लालबागच्या आपल्या चाळीतून टायपिंग शिकून कचेरीत आलेली ती पहिलीच मुलगी. नोकरीत अजून कायम झाली नव्हती आणि कायम करायचं की नाही, हे विजयकरांच्याच शब्दावर ठरणार होतं. म्हणून ती मुकाट्याने मशीनवर बसे. तासभर बोटं भलत्याच अक्षरांवर पडत. मग विजयकर कागद परत आणून टाकत.

"चुका फार होतात, बाई. लक्ष कुठे असतं?"

तिला रडू येई. पण रडलं तर डोळ्यांच्या रंगावर बोलतील म्हणून ती रडतही नसे.

शेवटी तिने डोकं चालवलं. तिचा भाऊ रघु गिरणीत होता. त्याच्याकरवी तिने एकाच ताग्यातली तीन राखाडी पातळं आणवली. रोज एकच रंग दिसला तर माणूस कार्ड उघडून उघडून किती दिवस उघडणार?

"ह्या काय गो?" आई जाईबाई पातळ चिमटीत धरून म्हणाली. "ह्याच्यापरास चुलीतली राख बरी."

सोमवारी विजयकर खुशीत आले. "आज राखाडी! हा तर आपला अस्तराचा रंग. वर कुठला द्यायचा, बाई?" मंगळवारी म्हणाले, "पुन्हा अस्तर?" बुधवारी त्यांनी कार्ड उघडलं आणि मिटलं. गुरुवारी मात्र त्यांना चैन पडेना. सकाळचं हातचं कामच गेलं होतं. ते भर कचेरीत मोठ्या आवाजात म्हणाले, "परबबाई, घरी काही अडचण आहे का? लाजू नका. आपण सगळे मिळून वर्गणी काढू."

सुभद्रेला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात डिस्पॅचचा माधव उठला. माधव समितीचा कट्टर कार्यकर्ता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत त्याने चहा सोडला होता आणि त्यामुळे दुपारनंतर तो कुणाच्याही अंगावर धावून जायला तयार असे.

"अडचण कसली, साहेब? कळत कसं नाही तुम्हाला? बाईंनी रंग सोडलेत! संयुक्त महाराष्ट्र होईस्तोवर राखाडी! काय बाई, बरोबर ना?"

नाही म्हणावं तर वर्गणी. खरं सांगावं तर नोकरी. सुभद्रेने मान हलवली.

"झालाच पाहिजे!" माधव ओरडला आणि कचेरीने टाळ्या वाजवल्या. शिपाई धोंडू तिच्या शेजारच्याच चाळीत राहायचा, त्यामुळे ती घरी पोचायच्या आधी तिचा संकल्प घरी पोचला होता. बायका जिन्यात तिच्याकडे कौतुकाने पाहत होत्या. जाईबाई तेवढी कपाळाला हात लावून बसली होती.

"रघुचा लगीन इला तोंडार! मी तुका जांभळा पातळ घेवन ठेयलंय, ता काय ट्रंकेतच कुसवूचा?"

"आये, आता सगळ्यांका कळलां. मागे कशी येव?"

भावाच्या लग्नात करवली म्हणून सुभद्रा राखाडी नेसून उभी राहिली. लोकांनी वाहवा केली. तिला मात्र दिवसभर वाईट वाटत राहिलं आणि जांभळ्या पातळाची आठवण घासाघासाला येत होती.

इकडे कचेरीत माधव थांबायला तयार नव्हता. "मी चहा सोडला, बाईंनी रंग सोडले. साहेब, तुम्ही काय सोडणार?"

सगळे बघायला लागले. विजयकरांनी मनातल्या मनात बोंबील, विडा आणि रविवारची झोप यांच्यावरून नजर फिरवली आणि गुळगुळीत गालावरून हात. "मी... मी दाढी करायची सोडली!" पंधरा दिवसांत काहीतरी निकाल लागेल, असा त्यांचा अंदाज होता.

दिल्लीला तशी घाई नव्हती. दाढी वाढली. हनुवटीवर पांढरी, गालांवर काळी आणि मिशीच्या कडेला कशी कोण जाणे, तांबूस. एके सकाळी माधवने शेडकार्ड उचललं आणि ते सरळ विजयकरांच्या गालाला लावलं.

"इथे आयव्हरी... आणि हा बघा, रेड ऑक्साइड! शोभतो हो साहेब तुम्हाला."

कचेरी हसली. मग रोजच हसू लागली. धोंडू पाणी ठेवता ठेवता सांगायचा, "सायब, आज डावी बाजू बरी दिसता." रंग घ्यायला आलेले व्यापारी विचारायचे, "वहिनी काय म्हणतात?" या गडबडीत सुभद्रेकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि तिचे कागद कसे स्वच्छ उतरत होते.

एका दुपारी विजयकर तिच्या टेबलाशी आले. आवाज पार खाली गेला होता.

"परबबाई, लोक बोलतात हो. रोज बोलतात. वाईट हेतू नसतो, कळतं मला. पण कामात लक्ष लागत नाही. काल साताऱ्याचे डबे मी सुरतेला धाडले."

सुभद्रेने मशीनवरून मान वर केली. "मनावर घेऊ नका, साहेब. मोकळी माणसं आहेत. मनात काही ठेवत नाहीत."

विजयकरांनी तिच्या राखाडी पदराकडे पाहिलं. मग जागेवर जाऊन त्यांनी शेडकार्ड खणात टाकलं आणि खण लावून घेतला. त्याच आठवड्यात सुभद्रा कायम झाली.

पुढे दिवाळ्या गेल्या, मोर्चे झाले आणि साठ सालच्या मे महिन्यात रविवारी महाराष्ट्र झाला. सोमवारी सुभद्रा जांभळं पातळ नेसून कचेरीत आली. ट्रंकेतल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. माधव चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला. सगळी कचेरी विजयकरांकडे बघू लागली.

विजयकरांचा हात खणाकडे गेला. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"परबबाई... नाशिकच्या व्यापाऱ्याचं पत्र झालं का?"

"आत्ता घेते, साहेब."

ते म्हणताना तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी साफ उतरली होती. नाकापासून वर चेहरा रापलेला आणि नाकापासून खाली पांढराफटक, रंगारी अर्धी भिंत रंगवून जेवायला गेल्यासारखा. इतकं नेमकं वाक्य सुभद्रेला जन्मात सुचलं नव्हतं. ते जिभेच्या शेंड्यावर आलं, ओठांवर आलं. मोठ्या कष्टाने तिने ते गिळलं, कोरा कागद चढवला आणि मान खाली घालून टाइप करायला बसली.

पहिल्याच ओळीत तिच्या दोन चुका झाल्या.