मोजलं का?

आमच्या गल्लीत ‘आज फार उकडतंय’ असं म्हणायची सोय नव्हती. शेजारच्या ओट्यावरून दामूनाना लगेच विचारायचे, ‘‘मोजलं का?’’

नाना जळगावच्या शाळेतले विज्ञानाचे निवृत्त मास्तर. मी मूळचा सावद्याचा, केळीचा दलाल. घडाचं वजन नजरेनं सांगतो आणि काटा मला खोटं पाडत नाही. तरी या माणसानं ‘मोजलं का’ विचारून विचारून मला वीट आणला होता.

त्यांचा खरा जीव क्वेसारवर. क्वेसार म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे, पण ताऱ्यांच्याही कितीतरी पलीकडून येणारे झगझगीत दिवे. आकाशाच्या एका बाजूचे क्वेसार दुसऱ्या बाजूच्यांहून मंद दिसतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. झालं. तेव्हापासून रोज ओट्यावर तेच. ‘‘भाऊ, मंद दिसतं म्हणजे मंद असतंच असं नाही. आधी तपासायचं. दिवाच मंद शे, मधे काही आड आलं, की बघणाऱ्याचा डोळा?’’ मला रावेरच्या पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून मी नुसती मान डोलवायचो.

नशिराबादला माझ्या भाचीला पाहायला पाहुणे येणार होते, तेव्हा मी नानांना सोबत नेलं. मुलाचे वडील म्हणाले, ‘‘मुलगी जरा सावळी वाटते.’’ नाना उठले. त्या गृहस्थांच्या नाकावरचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत बसवला आणि म्हणाले, ‘‘आता सांगा.’’ माझा जीव टांगणीला. पण गृहस्थ खो खो हसले आणि लग्न जमलं. भाची अजून दिवाळीला आधी नानांच्या पाया पडते, मग माझ्या.

संध्याकाळी दिवे मिणमिणले की गल्ली वीजवाल्यांच्या नावानं खडे फोडायची. नाना मीटर घेऊन हजर. ‘‘व्होल्टेज पुरेपूर शे. तुमचा बल्ब काजळलाय, पुसा.’’

एका हिवाळ्यात ते अक्कांना, म्हणजे आपल्या बायकोला, धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परतल्यावर ओट्यावर मला हळूच म्हणाले, ‘‘काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाईल म्हणतात. तिला सांगायची हिंमत होत नाही, भाऊ.’’ मला फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी केळीची फणी घेऊन त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात एवढा मोठा बल्ब लावलेला, की माझे डोळे दिपले. अक्का त्याच्याखाली चाचपत तांदूळ निवडत होत्या.

‘‘आज बी व्होल्टेज कमीच शे ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कमीच शे. बठ्ठ्या जळगावात, गल्लोगल्ली कमी शे,’’ नाना म्हणाले. मीटर फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

अक्का माझ्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. ‘‘भाऊ, तुमना घरमा बी असंच शे का?’’

मी हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणालो, ‘‘हो अक्का. आमच्याकडे तर याहून कमी.’’

आणि सवयीनं नानांच्या ‘मोजलं का?’ या प्रश्नाची वाट पाहत राहिलो. नानांनी एक केळं सोललं आणि अक्कांच्या हातात नीट धरून दिलं.