दादांनी लावलेला हीटर

गाडीतलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं गॅरेजवाल्यांच्या सात पिढ्यांना कळत नाही, असं भाऊजी छातीठोकपणे सांगत. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले आणि त्यांची जुनी गाडी भाऊजींच्या हाती आली. गाडी चालवताना शेजारच्या सीटवर दादांची बायको, म्हणजे वहिनी. रडायला सवड नको म्हणून भाऊजींनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, ते घातलंच.

गाडीचं दुखणं एकच होतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा कधी मधोमध शहाण्यासारखा उभा राही, तर कधी सरसर चढून लाल रेघेला भिडे. पुतणीनं निक्षून सांगितलं होतं, "काका, काटा ताळ्यावर आला नाही तर मी गाडी विकणार. आई रस्त्यात कुठे अडकली म्हणजे?"

"त्यांचं म्हणून तेवढंच उरलंय," वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मग भाऊजी इरेला पेटले. कूलंट बदललं, रेडिएटरचं झाकण बदललं, नळ्या आवळल्या. मेकॅनिकनं थर्मोस्टॅट नवा घातला, पंख्याचा सेन्सरही घातला. काटा आपला नाचतोच आहे. मेकॅनिक म्हणाला, गाडीला नजर लागली असावी. त्याचीही अक्कल तिथं संपली होती.

त्यात गाडीत भर उन्हाळ्यात हीटर चालू! पण बटणाला हात लावायची सोय नव्हती. "मला थंडी वाजते म्हणून त्यांनी लावून ठेवलाय. राहू दे," वहिनी म्हणत आणि शाल सारखी करत. भाऊजींचा शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. म्हणून वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या, की ते हळूच हीटर बंद करत. थोड्या वेळानं वहिनींच्या लक्षात येई, आणि त्या तितक्याच हळूच तो लावत. दोघंही माणसं भिडस्त, त्यामुळे याबद्दल अवाक्षर नाही.

शेवटी मेकॅनिक मागच्या सीटवर बसून आला. चौकापर्यंत तो नुसता काट्याकडे बघत होता. मग म्हणाला, "अहो, तुम्ही हीटर बंद केला की काटा चढतो. वहिनींनी लावला की उतरतो."

भाऊजींची मान खाली गेली.

"म्हणजे रेडिएटर चोंदलाय," मेकॅनिक म्हणाला. "दादांना मी मागेच सांगितलं होतं. बदलेपर्यंत हीटर लावून चालवा, तेवढीच इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. मला वाटलं, त्यांनी बदलला असेल."



"म्हणजे माझ्यासाठी नव्हता?" वहिनींनी विचारलं. मग त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "मला कधी थंडी वाजायचीच नाही हो भाऊजी. ते एवढ्या मायेनं लावतायत, म्हणून मी घामाघूम होऊन शाल घेऊन बसायचे."

भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिथंच, मेकॅनिकच्या देखत फुटलं. दादांची त्यांना फार आठवण आली.

रेडिएटर बदलला. काटा मधोमध खिळल्यासारखा उभा राहिला आणि पुतणीनं गाडी विकण्याचा विषय सोडून दिला. बंद हीटरची ती पहिलीच फेरी. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. वहिनी सीटवर अंग चोरून बसल्या होत्या.

"भाऊजी," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आता मात्र खरंच थंडी वाजतेय."

भाऊजींनी मुकाट्यानं हीटर लावला.