अडकल्यास या नंबरवर फोन करा

लिफ्टच्या मिस्त्रींची नखं वाळत होती, तेवढ्यात दाराची बेल वाजली. बाहेर त्यांचा जोडीदार उभा होता. आजची पाळी त्याची, म्हणून तो ड्यूटीचा फोन न्यायला आला होता. पण दहा बोटांना गुलाबी नेलपॉलिश लावून दार उघडणार कसं? मिस्त्री श्वास रोखून बसले. जोडीदार पाच मिनिटं बेल बडवून निघून गेला आणि फोन राहिला मिस्त्रींकडेच.

"राहू दे," मिस्त्रींची ताई म्हणाली. "टाक माझ्या पर्समध्ये. आज कोण अडकतंय?"

ताईचं स्वतःचं ब्यूटी पार्लर होतं, आणि मिस्त्रींचं गुपित जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. बायकांचे कपडे घातले की मिस्त्रींना बरं वाटायचं, अगदी लहानपणापासून. आजवर ते सुख बंद खोलीत, आरशापुरतंच होतं. चाळिसावा वाढदिवस आला तेव्हा त्यांनी ताईकडे एकच मागणं मागितलं: एकदा, फक्त एकदा, असं सजून बाहेर जेवायला जायचं. हॉटेलही मनात ठरलेलं होतं, चौथ्या मजल्यावरचं, काचेच्या भिंतींचं. तिथली लिफ्ट अकरा वर्षं त्यांच्याच हाती होती. दर पंधरवड्याला मागच्या दाराने आत, तेलकट हाताने रजिस्टरवर सही आणि मागच्या दाराने बाहेर. तिथल्या खुर्चीला त्यांची पाठ कधी लागली नव्हती.

"फक्त तोंड उघडू नकोस," ताईने बजावलं. "चेहऱ्याचं मी बघितलंय. आवाजाला माझ्याकडे क्रीम नाही."

साडेसातला निळ्या झग्यात, उंच टाचांवर तोल सावरत मिस्त्री ताईबरोबर लिफ्टमध्ये शिरले. आत एक आजी आणि आजोबा होते. दार बंद होता होता हॉटेलचा मॅनेजरही घुसला. मिस्त्रींनी मान खाली घातली. लिफ्ट निघाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जी थांबली ती थांबलीच.

बिघाडाचं कारण मिस्त्रींना त्याच क्षणी कळलं. दार नीट लागल्याचं लिफ्टला कळवणारा कॉन्टॅक्ट सैल झाला होता. मंगळवारी त्यांनी स्वतः पाहिला होता आणि 'बघू पुढच्या खेपेला' म्हणून सोडून दिला होता.

"घाबरू नका," मॅनेजर म्हणाला. "आमचे मिस्त्री देवमाणूस आहेत. एका रिंगमध्ये उचलतात." त्याने भिंतीवरच्या पाटीवरचा नंबर लावला.

ताईची पर्स वाजू लागली.

"सासूबाई असतील," ताईने पर्स काखेत दाबली. "त्यांचं हे रोजचंच."

"उचलत नाहीत," म्हणून मॅनेजरने पुन्हा नंबर लावला. पर्स पुन्हा वाजली.

"अहो, उचला की," आजोबा म्हणाले. "काळजीत असतील त्या."

तिसऱ्यांदा तोच प्रकार झाल्यावर मॅनेजर भडकला. "कसला देवमाणूस! उद्या कंपनीत तक्रारच करतो."

आजींना मात्र धाप लागली होती. त्यांनी मिस्त्रींचा दंड घट्ट धरला. "पोरी, बंद जागेत माझा जीव घाबरा होतो गं."

मिस्त्रींनी ताईकडे पाहिलं. ताईने मानेनेच 'नाही' म्हटलं. इतक्या वर्षांचं ते टेबल आता फक्त दीड मजल्यावर होतं. तोंड उघडलं की टेबलही गेलं, अब्रूही गेली आणि कदाचित नोकरीही. पण आजींनी दंड आणखी घट्ट आवळला. मिस्त्रींनी सँडल काढल्या.

"चार नंबर," ते कामावरच्या खणखणीत आवाजात म्हणाले. "दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

मॅनेजरचं बोट आपसूक बटणावर गेलं. हे वाक्य तो अकरा वर्षं ऐकत आला होता. मिस्त्रींनी दाराच्या वरच्या कोपऱ्याला दोन्ही तळवे लावून जोर केला. काखेत झगा टर्रकन उसवला, वर कुठेतरी टक् झालं आणि लिफ्ट हलली.

चौथा मजला आला. दार उघडलं तेव्हा मिस्त्री सँडल हातात घेऊन जिना कुठल्या बाजूला आहे ते आठवत होते.

मॅनेजर अदबीने बाजूला झाला. "या, मॅडम. खिडकीजवळचं टेबल देतो."

लाल वाईन आली, सूप आलं, भाजलेला मासा आला. पेल्याच्या काठावर ओठांचा गुलाबी ठसा उमटला, त्याच्याकडे मिस्त्री कितीतरी वेळ बघत राहिले. उसवलेल्या काखेवर ताईने आपला स्कार्फ टाकला. "रडू नकोस, काजळ उतरेल," ती म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

जेवण उरकत आलं तेव्हा मॅनेजर मेनूकार्डाखाली लिफ्टचं रजिस्टर लपवून घेऊन आला. "मॅडम, तुमच्या ओळखीत एक मिस्त्री आहेत ना? दुरुस्ती झाली की त्यांची सही लागते. तुम्ही केलीत तरी चालेल." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तक्रारीचं मी रागात बोललो. आणि त्यांना सांगा, इथून पुढे पुढच्या दाराने यायचं."

मिस्त्रींनी पेन घेऊन सही केली. पण माणूस पडला प्रामाणिक. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'कॉन्टॅक्ट सैल. दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी.'

"म्हणजे आत्तापासून?" मॅनेजरने विचारलं.

"आत्तापासून."

"शहाणाच आहेस," ताई पुटपुटली. "आता उतर त्या टाचांवर चार मजले."

जिन्याच्या तोंडाशी आजी त्यांचीच वाट बघत उभ्या होत्या. "पोरी, हात दे गं. ह्यांच्यापेक्षा तुझा भरवसा वाटतो."

मिस्त्रींनी हात पुढे केला. एकेक पायरी करत दोघी उतरू लागल्या. सूप जरा खारटच होतं, आजोबा फार घोरतात, झग्याचा रंग तुला शोभतो, असं आजींचं सगळं सांगून झालं. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या आणि मिस्त्रींच्या हातावर थोपटून म्हणाल्या, "घसा फार बसलाय बाई तुझा. गरम पाण्याच्या गुळण्या करत जा."

"हो आजी," मिस्त्री म्हणाले, आपल्याच आवाजात. ही इमारत आणखी चार मजले उंच असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.