कुलथेअण्णांच्या पोटातले साहेब

आमच्या कचेरीत साहेब दोन होते. एक केबिनमध्ये बसत आणि दुसरे कुलथेअण्णांच्या पोटात. केबिनमधल्या साहेबांना अण्णा फारसे भीत नसत. पोटातल्या साहेबांना विचारल्याशिवाय मात्र त्यांनी कधी घोटभर चहासुद्धा घेतला नाही. कोणी भेळेचा कागद पुढे केला की अण्णा डोळे मिटत, पोटावर हात ठेवत आणि क्षणभराने सांगत, "नको. साहेब नाही म्हणतात."

त्यांना नेमकं झालंय काय, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. कधी घाई, कधी ताटकळणं, कधी नुसतीच कळ. खडूच्या पाण्यासारखं काहीतरी पाजून पोटाचे फोटो काढले, तर आतडी ठणठणीत निघाली. आतडी हळवी आहेत, जपून खात जा, एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले. "फोटोत काही नाही म्हणून सगळे खूश," अण्णा म्हणत. "मग मला होतंय ते कोणाचं आहे?"

शेवटी अण्णांनी स्वतःच सरकारी पद्धतीने चौकशी लावली. एका वेळी एकच संशयित ताटात घ्यायचा, साहेब काय म्हणतात ते काही दिवस पाहायचं आणि मग निकाल द्यायचा. दूध निलंबित झालं. हरभरा डाळ-बेसन-फुटाण्यांच्या कुटुंबासकट बडतर्फ झाला. फ्लॉवरला सक्तीची निवृत्ती मिळाली. कांदा तरी सुटेल अशी आम्हाला आशा होती, कारण नाशिक जिल्ह्यात कांदा सोडायचा म्हणजे माणसाने जिल्हाच सोडायचा; पण त्याच्यावरही आरोप शाबीत झाला. मऊ भात, ताक, दुधी आणि पडवळ एवढीच मंडळी नोकरीत कायम राहिली.

अण्णांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. डबा ते स्वतःच करत आणि खातही सावकाश. आमचे डबे धुऊन व्हायचे तरी अण्णांचा घास फायलीसारखा या गालातून त्या गालात फिरत असायचा. शहराचा रस्ता विचारावा तर त्यांनाच. अमक्या बँकेच्या पुढे, तमक्या शाळेच्या मागे असं ते सांगतच नसत. त्यांच्या सगळ्या खुणा संडासांच्या असत, आणि कोणत्या संडासाची कडी लागत नाही हेही ते बजावून ठेवत.

लग्नाच्या पंगतीतही अण्णा पिशवीतून डबा काढत. चांदवडला सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्यांनी असाच दुधी काढला. मुलीचा काकाच घरचं अन्न खात नाही म्हटल्यावर वरपक्षाला शंका आली आणि अख्खी पंगत हात आखडून बसली. शेवटी मुलीच्या बापाने सगळ्यांसमोर जिलबी खाऊन दाखवली तेव्हा लग्न पुढे सरकलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. अण्णा म्हणाले, "भाऊ काय, आज ना उद्या बोलेल. साहेब रुसले की लगेच बोलतात."

पुढे मी नाशिकरोडला दोन खोल्यांचं घर घेतलं. आम्ही बौद्ध. बुद्धवंदना झाली की कचेरीतल्या सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं, असा आईचा हट्ट होता. आई सिन्नरकडच्या खेड्यातली. आमच्या घरचं खायला नको म्हणून लोक काय काय कारणं काढतात, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. म्हणून मी तिला आधीच सांगून ठेवलं, कुलथेअण्णा कोणाकडेच जेवत नाहीत, त्यांचं खरोखर पोटाचं आहे. ती कणीक मळता मळता म्हणाली, "हां. आपल्या दारात आलं का लय जणांचं पोट दुखतं."

पंगत बसायच्या वेळी आमच्या हेडक्लार्कची चतुर्थी निघाली. आणखी एकाची दाढ दुखायला लागली. आईने त्यांची ताटं उचलून आत नेली. तिचा चेहरा मला बघवेना.

अण्णा डब्याची पिशवी घेऊन दारातच उभे होते. त्यांनी हे पाहिलं, पिशवी खुर्चीखाली सारली आणि खाली मांडी घालून बसले. "ताई," ते म्हणाले, "मला वाढा."

ताटात खीर होती, काळ्या मसाल्यातली हरभऱ्याची उसळ होती आणि बाजूला चिरलेला कांदा होता. फ्लॉवर सोडला तर चौकशीतले सगळे दोषी एकाच ताटात जमले होते. अण्णांनी पोटावर हात ठेवला नाही. साहेबांना विचारलंच नाही. घाम पुसत पुसत जेवले, वर उसळ मागून घेतली. आई माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. तुझ्या पोटदुख्याला जेवता येतंय की, असं तिला म्हणायचं होतं.

मग अण्णा कचेरीत येईनासे झाले. मी आईला सगळं सांगितलं, तेव्हा ती मऊ भाताचा डबा घेऊन माझ्याबरोबर पंचवटीतल्या त्यांच्या खोलीवर आली. अण्णा खाटेवर पोटाशी पाय घेऊन पडले होते. तोंड उतरलेलं.

"भाऊ, मला सांगायचं तरी," आई म्हणाली.

"सांगितलं असतं तर पटलं असतं का, ताई?"

आईने भाताचा डबा खाटेजवळ ठेवला. मग खरं तेच बोलली. "नसतं पटलं."

त्यानंतरच्या बुद्धपौर्णिमेला अण्णा आमच्याकडे आले ते पिशवी घेऊनच. आईसमोर बसून त्यांनी खुशाल डबा उघडला. मला फार बरं वाटलं. बिनतिखटाची, बिनकांद्याची पडवळाची भाजी होती. आईने आपलं ताट त्यांच्यापुढे धरलं.

"मला वाढा थोडी."

अण्णा गोंधळले, पण त्यांनी वाढली. आईने घास घेतला, चावला, गिळला. "ह्याला काय चवच नाय, भाऊ."

"साहेबांना अशीच लागते."

"असू द्या. आणखी वाढा."

अण्णांनी डबा तिरका करून उरलेली सगळी भाजी तिच्या ताटात घातली. "ही गेल्यापासून," ते म्हणाले, "माझ्या हातचं कोणी मागून खाल्लं नव्हतं, ताई."